पडद्यावरचा डॉक्टर : आदरापासून अनुकंपेपर्यंत

अमेरिकी दूरचित्रवाणीवर वैद्यकीय मालिकेचा साचा पक्का झाला तो १९६१ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर किल्डेअर’ आणि ‘बेन केसी’ या दोन मालिकांमुळे. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची सल्लागार समिती त्या काळी अशा मालिकांच्या संहितांवर नजर ठेवत असे, त्यामुळे पडद्यावरचा डॉक्टर निष्णात, निःस्वार्थी आणि मनाने खंबीर असणे ओघानेच आले. १९६२ मध्ये आलेली ‘द इलेव्हन्थ अवर’ ही मालिका तर मनोविकारतज्ज्ञांविषयीच होती. पण तिच्यातही व्यथा रुग्णाची आणि धीर डॉक्टरचा, ही वाटणी कायम राहिली.

या वाटणीमागे व्यवसायाच्या प्रतिष्ठेइतकाच कथनाच्या घडणीचाही हात होता. प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपत असल्याने डॉक्टरला झालेले दुःख पुढच्या आठवड्यापर्यंत टिकण्याची सोयच नव्हती, आणि जी जखम टिकत नाही तिच्याविषयी कळवळा तरी कितीसा टिकणार? प्रेक्षकांचा जीव डॉक्टरवर जडत नव्हता असे मात्र नव्हे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच अशा ओढीला ‘पॅरासोशल’ संबंध, म्हणजे पडद्यावरच्या व्यक्तीशी जुळणारा एकतर्फी आप्तभाव, असे नाव दिले होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘मार्कस वेल्बी, एम.डी.’ या मालिकेच्या नायकाला पहिल्या पाच वर्षांत सुमारे अडीच लाख पत्रे आली, असे नोंदले गेले आहे. परंतु त्यांतील बहुतेक पत्रे वैद्यकीय सल्ला मागणारी होती. आप्तभाव होता, पण त्यात डॉक्टर हा आधार देणारा होता, आधाराची गरज असलेला नव्हे.

ही दिशा बदलली ती युद्धाच्या सावलीत. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७२ मध्ये, सुरू झालेली ‘मॅश’ ही विनोदी बाजाची मालिका कोरियातील लष्करी शल्यचिकित्सकांविषयी होती. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी साडेदहा कोटींच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिलेल्या तिच्या अखेरच्या भागात नायक हॉकाय मनोरुग्णालयात दिसतो, कारण शत्रूला चाहूल लागू नये म्हणून एका आईने आपल्या तान्ह्या बाळाचा आवाज बंद केल्याची आठवण त्याच्या मनाने कोंबडीच्या आठवणीत दडवून टाकलेली असते. तीनच वर्षांपूर्वी अमेरिकी मनोविकारशास्त्राने आघातोत्तर ताणविकार, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनात घर करून राहणारी व्याधी, हे निदान अधिकृतपणे स्वीकारले होते.

१९८२ मध्ये आलेल्या ‘सेंट एल्सव्हेअर’ने भागागणिक पुढे सरकणारी कथानके वैद्यकीय मालिकेत रुजवली, आणि डॉक्टरच्या दुःखाला प्रथमच मुदत मिळाली. तिच्यातील तरुण डॉक्टर मॉरिसनची पत्नी मरण पावते, तिचे हृदय दुसऱ्या स्त्रीच्या शरीरात बसवले जाते आणि तो स्टेथोस्कोप लावून ते ऐकतो. या प्रसंगाचे बळ प्रेक्षकाने त्याचा संसार आधी पाहिलेला असण्यात आहे.

१९९४ च्या ‘ईआर’मध्ये या कळवळ्याचा परिणाम थेट कथानकावर झाला. परिचारिका कॅरोल हॅथवे पहिल्याच भागात आत्महत्येचा प्रयत्न करते आणि मूळ योजनेनुसार ती दगावणार होती. पण चाचणी-प्रदर्शनातील प्रेक्षकांना ती भावल्यामुळे पात्र जिवंत ठेवण्यात आले. पुढे ‘हाउस’ (२००४–२०१२) या मालिकेने पायाच्या असह्य वेदनेने आणि वेदनाशामकांच्या व्यसनाने ग्रासलेला तुसडा डॉक्टरच नायक केला, आणि त्याच्या उद्धटपणाला त्याचे दुखणे हीच सबब ठरली.

या अनुकंपेची मर्यादाही ‘ईआर’नेच दाखवली. २००० सालच्या एका कथानकात छिन्नमनस्कतेचा, म्हणजे वास्तवाचे भान हरपवणाऱ्या मनोविकाराचा, रुग्ण एका तरुण डॉक्टरला आणि एका वैद्यकीय विद्यार्थिनीला भोसकतो. त्यांतील लूसी नाइट दगावते, तर वाचलेला जॉन कार्टर वेदनाशामकांच्या आहारी जातो. कार्टरच्या व्यसनाची आणि त्यातून सावरण्याची कहाणी दीर्घकाळ चालते. ज्याच्या आजारातून हे सारे घडले तो रुग्ण मात्र थोड्याच भागांचा धनी ठरतो. वैद्यकीय मालिकेत डॉक्टर राहतो आणि रुग्ण बदलत जातात. म्हणून दुखणे सारखेच असले तरी माया सहवासाच्या मापाने वाटली जाते.