जुनी स्पोर्ट्स कार घेताना गळती कशी तपासावी? एमजीबीच्या उदाहरणातून समजून घ्या

पन्नास-साठ वर्षे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार जिथे उभी राहते, तिथे तेलाचा एखादा डाग पडतोच, असे या गाड्यांचे शौकीन हसत सांगतात. त्यात तथ्यही आहे. पण नवा खरेदीदार नेमका याच विनोदाने फसतो. गाडीखाली ओल दिसली की विक्रेता "या गाड्या गळतातच" असे म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

वास्तविक सगळी गळती सारखी नसते. इंजिन ऑइल थेंब-थेंब गळत असेल, तर अधूनमधून ऑइल भरून गाडी वर्षानुवर्षे चालवता येते. ब्रेक ऑइल गळत असेल, तर पहिल्याच उतारावर ब्रेक जाऊ शकतात. पेट्रोल गळत असेल, तर गाडी पेट घेऊ शकते. त्यामुळे "गाडी गळते का?" एवढे विचारून भागत नाही. काय गळते, कुठून गळते आणि किती वेगाने गळते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.

उदाहरण एमजीबीचेच का?

एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झाली. सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यामुळे आजही ती बाजारात मुबलक आहे, तिचे सुटे भाग सहज मिळतात आणि पहिली जुनी गाडी म्हणून अनेक जण तीच निवडतात. तिचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आणि दणकट आहे. ते कुठे कुठे गळते, हेही आता सर्वांना ठाऊक झाले आहे.

ब्रिटनमधील जाणकार 'व्हिंटेज' हा शब्द १९३० पर्यंतच्या गाड्यांसाठी राखून ठेवतात आणि एमजीबीला 'क्लासिक' म्हणतात. भारतात मात्र २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते.

खरेदीदाराने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना तिच्यातून सूट मिळाली. म्हणजे ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या कोणीही न तपासता अशी गाडी रस्त्यावर असू शकते. सूट असली तरी ज्या मालकाने स्वखुशीने तपासणी करून घेतली असेल, त्याच्या गाडीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून मोफत पाहता येतात. त्यात गळतीचा जुना शेरा सापडला, तर ते पुढे कसे दुरुस्त केले हे विचारता येते.

पाहणीची सुरुवात: पुठ्ठा आणि थंड इंजिन

मालकाला आधीच दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात: गाडी धुऊ नका आणि आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर गाडीआधी तिची नेहमीची जागा पाहावी. गाडी दहा फूट पुढे घ्यायला सांगितली की खालच्या फरशीवर गेल्या काही महिन्यांचा इतिहास दिसतो. डाग इंजिनखाली आहे, मधोमध आहे, मागे आहे की चाकाजवळ, याची नोंद करावी.

मग एक मोठा स्वच्छ पुठ्ठा गाडीखाली पसरावा. पुठ्ठ्यावर पुढची बाजू कोणती, हे लिहून ठेवावे. आधी थंड अवस्थेत पाहावे. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारावी आणि गाडी पुन्हा त्याच पुठ्ठ्यावर अर्धा तास उभी करावी. गरम झालेले तेल पातळ होते, त्यामुळे थंड असताना न दिसलेली गळती आता दिसते. ब्रेक किंवा पेट्रोलबद्दल जराही शंका असेल, तर मात्र फेरी मारू नये.

गाडीखाली शिरायचे असेल तर ती भक्कम स्टँडवर किंवा गॅरेजच्या लिफ्टवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

थेंब कशाचा आहे?

- इंजिन ऑइल: तपकिरी ते काळे, बोटाला बुळबुळीत.
- मागच्या एक्सलमधील गिअर ऑइल: घट्ट, आणि गंधकासारखा उग्र वास.
- ब्रेक आणि क्लचचे ऑइल: नवे असताना जवळजवळ पारदर्शक, जुने झाल्यावर पिवळट-तपकिरी. ते रंग खाते.
- कूलंट: बहुधा हिरवे किंवा निळे, गोडसर वासाचे. सुकल्यावर पांढरट किंवा रंगीत खपली उरते. ते विषारी असते, त्यामुळे मुले आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे.
- पेट्रोल: डाग टिकत नाही, वास मात्र लपत नाही.

ब्रेक ऑइल आहे की दुसरे तेल, हे कळत नसेल तर एक थेंब पाण्याच्या पेल्यात टाकावा. नेहमीचे ग्लायकोलचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. इंजिन आणि गिअर ऑइल वर तरंगते.

इंजिन: मागचे सील की टॅपेट कव्हर?

एमजीबीत सर्वाधिक डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पडतात. तिथल्या क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटे छिद्र असते आणि त्यात एक सैल पिन लटकत असते. आत साचलेले तेल बाहेर पडावे आणि छिद्र चिखलाने बुजू नये, यासाठीच ती सोय आहे. पिनेवर एखादा थेंब असणे चिंतेचे नाही. पुठ्ठ्यावर थारोळे झाले असेल तर चौकशी हवी.

१९६४ च्या शरदापर्यंतच्या इंजिनांना तीन मुख्य बेअरिंग होती आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हते. शाफ्टवर कोरलेले आटे तेल मागे ढकलत. अशा गाडीने थोडे तेल सोडणे हा तिच्या बांधणीचाच भाग आहे. नंतरच्या पाच बेअरिंगच्या इंजिनांना सील मिळाले. ते सील स्वस्त असते, पण बदलण्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते. म्हणजे खर्च मजुरीचा असतो.

म्हणूनच मागच्या सीलवर ठपका ठेवण्याआधी वर पाहावे. इंजिनच्या डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, टॅपेटची दोन झाकणे असतात. त्यांचे गॅस्केट हमखास पाझरते. ते तेल ब्लॉकवरून ओघळत मागे जाते आणि अगदी सीलमधून आल्यासारखे क्लच हाउसिंगवरून टपकते. वरच्या रॉकर कव्हरचेही तसेच. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो. त्यामुळे सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. गळतीचे मूळ बहुधा तिथेच असते.

गिअरबॉक्सच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनचेच ऑइल भरतात, त्यामुळे वासावरून फरक कळत नाही. रंग मदत करतो: गिअरबॉक्समधले तेल स्वच्छ राहते, इंजिनमधले काळे पडते.

शेवटची तपासणी दम घेण्याच्या नळीची. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तिथून धुराचे झोत येत असतील तर नळी तुंबलेली आहे किंवा पिस्टन-रिंग झिजल्या आहेत. आतला दाब वाढला की धड असलेली सीलसुद्धा गळू लागतात. नळी साफ करणे सोपे असते, रिंग बदलणे नाही.

ब्रेक आणि क्लच: इथे तडजोड नको

ब्रिटिश बाजारातील बहुतांश एमजीबींमध्ये चारही चाकांच्या ब्रेकसाठी एकच सर्किट होते. अमेरिकेत १९६८ पासून दुहेरी सर्किट आले, ब्रिटनमध्ये ते बरेच नंतर. एकच सर्किट असेल तर एका जागची मोठी गळती सगळेच ब्रेक घालवते.

चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर पेडलच्या वरच्या अंगाला असतात. त्यांची सील गेली की ऑइल पेडलवरून आत उतरते. पेडलच्या दांड्यावर ओल, सुटलेला किंवा फुगलेला रंग ही त्याची खूण. मग ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत गेले, तर कुठेतरी दाब सुटतो आहे.

ब्रेक ऑइलची पातळी घटते, पण बाहेर कुठेच ओल नाही, असेही घडते. वेगळा बसवलेला ब्रेक सर्व्हो असलेल्या गाडीत ऑइल सर्व्होतून इंजिनकडे ओढले जाऊन जळत असते. अशा वेळी सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसतो.

चाकांच्या आतल्या बाजूंवरूनही हात फिरवावा. मागच्या चाकाच्या आत ओल असेल, तर ती ब्रेकच्या व्हील सिलिंडरची किंवा एक्सलच्या सीलची असते. वास आणि पाण्याच्या पेल्याची परीक्षा उत्तर देते. दोन्ही प्रकारांत ब्रेक शू तेलकट होतात आणि बदलावे लागतात.

पेट्रोल: कान देऊन ऐका

एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि मागे, उजव्या चाकाजवळ असतो. इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली की तो टक-टक असा आवाज करतो. कार्ब्युरेटर भरले की आवाज थांबायला हवा. टक-टक चालूच राहिली, तर पेट्रोल कुठेतरी वाहते आहे किंवा पंपात दोष आहे. ऐकून झाल्यावर किल्ली लगेच बंद करावी.

दोन कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूलाच असतात. त्यांतली सुई अडकली की पेट्रोल भरून वाहते, म्हणून त्यांच्या ओव्हरफ्लोच्या नळ्या जागेवर आहेत आणि खाली सोडल्या आहेत, हे पाहावे. पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली असते. दोघांमधल्या फटीत चिखल-पाणी साचून टाकी वरून गंजते. अर्ध्या भरलेल्या टाकीत हे दिसत नाही. टाकी पूर्ण भरली की वास येऊ लागतो.

रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. भेगा पडलेली नळी बदललीच पाहिजे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही.

पाणी, शॉक ॲब्सॉर्बर आणि स्टिअरिंग

वॉटर पंपच्या खालच्या छोट्या छिद्रातून ओघळ आला असेल, तर पंप संपत आला आहे. डाव्या-उजव्या पायाजवळचा गालिचा ओला आणि चिकट असेल, तर हीटर गळतो. मात्र जुन्या एमजीबींना वेगळी एक्स्पान्शन टाकी नव्हती. रेडिएटर काठोकाठ भरला तर जास्तीचे पाणी ती बाहेर टाकते. ही गळती नव्हे. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये.

डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसले तर पाणी इंजिनमध्ये शिरते आहे. हेड गॅस्केट गेले असेल किंवा हेडला तडा असेल. ऑइलच्या झाकणाखाली थोडासा पांढरट थर हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळेही येतो.

या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर लिव्हरचे असून त्यांत तेल असते. त्यांच्या दांड्याभोवती तेलकट धूळ दिसली, तर गाडीचा तो कोपरा दाबून सोडावा. ती डोलत राहिली तर ते संपले आहेत. स्टिअरिंग रॅकमध्येही तेल असते. तिच्या रबरी बुटांना चीर असेल तर तेल गेलेले असते आणि रॅक कोरडी झिजते.

एकही थेंब नसेल तर?

मग अधिक सावध व्हावे. इंजिन नुकतेच वाफेने धुतलेले असू शकते. तेल गळायला शिल्लकच नसेल, असेही होते. म्हणून डिपस्टिक, गिअरबॉक्स, ब्रेक आणि रेडिएटरची पातळी पाहावीच. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत रबरी सील सुकून कडक होतात. पाहणीच्या दिवशी ती कोरडी दिसते आणि वापर सुरू झाल्यावर काही आठवड्यांत चारी बाजूंनी पाझरू लागते.

निर्णय कसा घ्यावा?

सापडलेली प्रत्येक ओल तीनपैकी एका गटात टाकावी. रॉकर कव्हर, टॅपेट कव्हर, पिनेवरचा थेंब ही सोसण्याजोगी गळती. मागचे सील, वॉटर पंप, एक्सलचे सील, शॉक ॲब्सॉर्बर यांचा खर्च मेकॅनिकला विचारून किमतीतून वजा करावा. ब्रेक ऑइल आणि पेट्रोलच्या गळतीमुळे गाडी नाकारलीच पाहिजे असे नाही, कारण नळ्या आणि सिलिंडर बदलता येतात. पण अशी गाडी चालवत घरी नेऊ नये. ती ट्रेलरवरून थेट गॅरेजमध्ये न्यावी, आणि हे मान्य नसलेल्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये.