लोणारचा निकाल तळाखाली लागला

जमिनीखाली काय दडले आहे याचे अंदाज वरून कितीही बांधता येतात, पण निकाल लागतो तो बोअर घेतल्यावरच. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’वरून अरबी समुद्राचा तळ विंधला गेला, तेव्हा मुंबई हायच्या चुनखडकात तेल असल्याची खात्री पटली. तोवर हाती होती ती भूकंपलहरींच्या मोजणीतून बांधलेली अटकळ. त्याच दशकाच्या आरंभी, समुद्रापासून दूर बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या सरोवराचा तळही असाच विंधून पाहिला गेला. तिथे शोधायची होती ती विवराची जन्मकथा.

लोकपरंपरेने हे विवर लवणासुराच्या वधाशी जोडले. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेची साक्ष देते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अभ्यासकांचा कल ज्वालामुखीकडेच राहिला. हा तर्क अडाणीपणाचा नव्हता. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्या काळ्या कातळात आहे, तो बेसॉल्ट लाव्हा थिजूनच बनला आहे. मात्र दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवर त्या मानाने अगदी अलीकडचे. ही विसंगती संशय घेण्यापुरती पुरेशी होती. अशनीचा आघात सिद्ध करायला मात्र ती अपुरी होती.

तो पुरावा फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. तळातल्या विंधनछिद्रांतून फुटक्यातुटक्या दगडांचा संकोणाश्म वर आला. त्याच्या काही तुकड्यांत मॅस्केलिनाइट सापडले. बेसॉल्टमधले प्लॅजिओक्लेज हे खनिज प्रचंड आघाताने, न वितळताच, स्फटिकरचना गमावून काचेसारखे होते, तेच मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते, पण काही लाख वातावरणांएवढा क्षणिक दाब तिथे निर्माण होत नाही.

यावर कोणी म्हणेल, कडेवर खणलेल्या चरांतही वितळलेले दगड आणि काचेचे गोलक मिळालेच होते, मग तळ विंधायची गरज काय? गरज होती. कडेवरचा माल उडून पडलेला असतो. तळाखालचा भग्न कातळ घाव कुठे बसला ते दाखवतो. दोन्हींची साक्ष जुळली म्हणूनच निष्कर्ष पक्का झाला. मूळ अशनीचे धोंडे मिळाले नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही, कारण एवढ्या वेगाच्या आघातात अशनीचा बहुतांश भाग वितळून आणि वाफ होऊन जातो.

बेसॉल्टमधल्या या विवराचे सूक्ष्म संकोणाश्म आणि काचगोलक अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी जुळले. लोणारची कड आणि तिथली माती हा जगाच्या अभ्यासाचा पुरावा आहे. तो उकरला, बुजवला किंवा बांधकामाखाली गाडला, तर पुन्हा मिळणार नाही. म्हणून पाण्याइतकीच त्या दगडमातीचीही राखण झाली पाहिजे.