लघवीचा हिरवा रंग

रोग मेंदूचा आणि तपासायची लघवी, असं कुणी म्हटलं तर आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण १९३४ साली नॉर्वे देशात नेमकं हेच घडलं.

ओस्लो शहरात आस्ब्यर्न फॉलिंग नावाचे डॉक्टर होते. वैद्यकीबरोबर रसायनशास्त्रही त्यांनी चांगलं मुरवलेलं. त्यांच्याकडे एक आई आपली दोन मुलं घेऊन आली. जन्मली तेव्हा दोघंही धडधाकट. पण थोरली मुलगी मोजकेच शब्द बोले, आणि चार वर्षांचा होत आला तरी धाकटा ना चाले, ना बोले. दोघांच्या अंगाला एक कुबट वास येई. बाईनं कितीतरी डॉक्टरांचे उंबरे झिजवले होते.

त्या काळी मधुमेह्यांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून रंग पाहात. नेहमी तो तांबूस-तपकिरी राही. या मुलांच्या लघवीला हिरवागार रंग आला, आणि थोड्या वेळानं तो विरूनही गेला! एखाद्या औषधाचा तर हा गुण नव्हे? डॉक्टरांनी सगळी औषधं आठवडाभर बंद ठेवायला लावली. रंग पुन्हा हिरवाच. मग ती माउली बाटल्या भरभरून लघवी आणून देऊ लागली आणि डॉक्टरांनी खटपटीनं तीतला पदार्थ वेगळा काढला: फिनाइलपायरुव्हिक आम्ल. पुढं संस्थांतल्या ४३० मतिमंद रोग्यांची लघवी त्यांनी तपासली. आणखी आठांची हिरवी निघाली.

दूध, डाळी, मांस यांतल्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलनीन नावाचा घटक असतो. त्याचं रूपांतर करणारं द्रव्य यकृतात असावं लागतं. या मुलांत जन्मतःच त्याची उणीव. म्हणून तो घटक रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूला अपाय करतो. अशा खुणेला आज 'बायोमार्कर' म्हणतात.

पण नुसत्या खुणेनं रोगी बरा होतो थोडाच! १९५३ साली होर्स्ट बिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये एका लहान मुलीला हा घटक काढून टाकलेला आहार दिल्याचं प्रसिद्ध केलं. मुलगी सुधारू लागली. तिथंही एका आईनंच उपायाचा ध्यास धरला होता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. नॉर्वेतल्या त्या दोन मुलांना मात्र याचा उपयोग व्हायचा नव्हता. झालेलं नुकसान आहारानं भरून येत नाही.

म्हणजे खूण पाहिजे ती पहिल्याच दिवसांत. लघवीचा रंग तर जन्मानंतर काही आठवडे फसवतो. ही अडचण अमेरिकेच्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमारास सोडवली: बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, टिपकागदावर वाळवायचा, आणि प्रयोगशाळेत त्याच्याभोवती जंतू वाढतात का ते पाहायचं. फिनाइलअ‍ॅलनीन जास्त, तर जंतूंची वाढ जास्त. कागद टपालानंही पाठवता येई. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्यानं ही तपासणी कायद्यानं सक्तीची केली. आपल्याकडे गोव्यात २००८ साली नवजात बालकांच्या रक्ततपासणीची सरकारी योजना सुरू झाली, तीही अशाच टाचेच्या थेंबावर.