‘लव्ह ऑफ माय लाइफ’ : एका गीताचे पाठ आणि रसिकांची गतस्मृती

१

गतकालाविषयीचा जिव्हाळा हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, हा प्रश्न इतिहासलेखनात वारंवार उपस्थित होतो. अभ्यासकाचा कल साधारणतः नकाराकडे असतो. स्मृती निवड करते, रंग भरते, कालक्रम मोडते. म्हणून दप्तरातील कागद विश्वसनीय व स्मृती संशयास्पद, असा संकेत रूढ आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञाच मुळी रोगवाचक होती. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथे लिहिलेल्या वैद्यकीय प्रबंधात, मायभूमीपासून दूर गेलेल्या माणसांना जडणाऱ्या व्याधीसाठी दोन ग्रीक शब्द जोडून ती घडविली. मराठीत तिच्यासाठी रूढ झालेल्या ‘स्मरणरंजन’ या शब्दातही रंजनाची, म्हणजे काहीशा अविश्वासाची, छटा आहेच.

तथापि, एखाद्या कलाकृतीवर मोठा समुदाय दीर्घकाळ प्रेम करीत राहतो, तेव्हा ते प्रेम त्या कलाकृतीच्या इतिहासाबाहेरची गोष्ट राहत नाही. ते त्या इतिहासाचे एक कारण बनते. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे गीत याचे लक्षणीय उदाहरण होय. हे गीत १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि आजही त्याचे रसिक ते सत्तरीच्या दशकाचे स्मारक मानतात. परंतु ज्या रूपात ते स्मरले जाते, ते रूप १९७५ चे नाही. ते १९७७ ते १९८५ या काळात व्यासपीठावर, आणि मुख्यतः श्रोत्यांच्या कंठातून, सिद्ध झाले. हे प्रतिपादन कालक्रमाने तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रारंभी एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. ‘बॅलड’ म्हणजे इंग्रजी वाङ्मयात लोकपरंपरेतील कथागीत. रॉक संगीतात मात्र संथ लयीच्या, भावप्रधान, बहुधा प्रेमविषयक गीतास बॅलड म्हणतात. मराठी वाचकास त्याची कल्पना कथागीतापेक्षा भावगीतावरून अधिक चांगली येईल.

२

‘क्वीन’ची स्थापना १९७० मध्ये लंडन येथे झाली. फ्रेडी मर्क्युरी हा गायक व पियानोवादक, ब्रायन मे हा गिटारवादक, रॉजर टेलर हा तालवादक, आणि १९७१ मध्ये येऊन मिळालेला जॉन डीकन हा बेस गिटारवादक, असे हे चौघे होत. २१ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांची ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गीत ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत सलग ९ आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याच ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ होते. त्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी. त्या काळी ब्रिटनमध्ये त्याची स्वतंत्र तबकडी निघाली नाही. मोठ्या भावंडाच्या सावलीत राहावे तसे ते राहिले.

मूळ ध्वनिमुद्रण हे ध्वनिमुद्रणगृहाचे अपत्य आहे. त्यात पियानो प्रधान असून गायकाच्याच आवाजाचे अनेक थर एकावर एक रचले आहेत. हार्प हे तंतुवाद्य ब्रायन मे याने वाजविले. त्या वाद्याचा त्याला सराव नसल्याने एकेक स्वरसमूह स्वतंत्रपणे मुद्रित करून ते तुकडे मागाहून जोडण्यात आले. ज्या रूपात हे गीत १९७५ मध्ये ऐकू आले, त्या रूपात ते चार माणसांनी एका वेळी गाऊन-वाजवून दाखविणे शक्यच नव्हते. ही मर्यादा पुढील इतिहासात निर्णायक ठरली.

गीताच्या कर्त्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध येथे नोंदविला पाहिजे. फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारुख बलसारा. मूळच्या गुजरातेतील बलसाड भागातील पारशी कुटुंबात ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे त्याचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. पियानोचे रीतसर शिक्षण त्याने याच काळात घेतले, आणि ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात त्याने प्रथम साथ केली. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला गेले. आईवडिलांपासून समुद्रापलीकडे वाढलेल्या मुलाने पुढे विरहाचे गीत लिहावे, यातून होफरच्या गृहविरहाचा धागा जोडण्याचा मोह सहज होतो. परंतु पाचगणी आणि हे गीत यांना जोडणारा प्रत्यक्ष दुवा पियानोच्या शिक्षणाचाच आहे. त्यापलीकडचा सांधा कल्पनेचा होय. रसिकपरंपरेने तर हे गीत वेगळ्याच नात्याशी, म्हणजे फ्रेडीची दीर्घकाळची सखी मेरी ऑस्टिन हिच्याशी, निगडित केले आहे. गीतातील विनवणी निघून गेलेल्या प्रिय व्यक्तीस उद्देशून आहे, आणि वार्धक्यातही स्मरण करून देण्याची ग्वाही तिच्यात आहे. स्मृती हा या गीताचा प्रथमपासूनचाच विषय आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३

१९७७ पासून हे गीत जाहीर कार्यक्रमांत गाइले जाऊ लागले. वर सांगितलेल्या मर्यादेमुळे त्याची मांडणी समूळ बदलावी लागली. पियानो, हार्प, आवाजांचे थर हे सर्व वगळून ब्रायन मे याने १२ तारांच्या गिटारवर, मूळापेक्षा खालच्या स्वरात, त्याची नवी रचना केली. आता केवळ एक गिटार व एक कंठ उरला.

या बदलाचा परिणाम दुहेरी झाला. एक तर गीत सोपे झाले. खालच्या स्वरात ते कोणासही गाता येण्यासारखे झाले. दुसरे असे की, गायक पियानोपासून मोकळा झाला. पियानोवर बसलेला गायक वाद्याकडे वळलेला असतो. मोकळा उभा असलेला गायक श्रोत्यांकडे वळतो. श्रोते गीत गाऊ लागल्याचे दिसताच फ्रेडी स्वतः थांबू लागला, आणि हाताच्या खुणेने ओळ त्यांच्या स्वाधीन करू लागला. हळूहळू तो या गीताचा संकेतच झाला. अमुक ठिकाणी गायकाने मौन धरावे व समुदायाने गावे, अशी विभागणी कोणत्याही कागदावर न लिहिता रूढ झाली.

१९७९ च्या आरंभी युरोपातील कार्यक्रमांत घेतलेली मुद्रणे ‘लाइव्ह किलर्स’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ची स्वतंत्र तबकडीही निघाली. मूळ ध्वनिमुद्रणास जो मान मिळाला नव्हता तो या दुसऱ्या पाठास मिळाला, आणि त्या पाठात श्रोत्यांचा आवाज हा गीताचाच भाग होता. ब्रिटनमध्ये ही तबकडी क्रमवारीत ६३ व्या स्थानापलीकडे गेली नाही. तिचे भाग्य अन्यत्र उजळावयाचे होते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास येथे परिचित अशी अवस्था दिसेल. संतवाङ्मयाच्या संपादनात कर्त्याच्या काळाशी निकटचा पाठ आणि परंपरेने गाऊन स्थिर केलेला पाठ यांत तफावत आढळते, व ‘खरा’ पाठ कोणता हा वाद उद्भवतो. प्रस्तुत गीताच्या बाबतीत कर्ता हयात असताना, त्याच्या संमतीने आणि त्याच्या समक्ष, परंपरेचा पाठ मूळ पाठावर मात करून गेला.

४

फेब्रुवारी-मार्च १९८१ मध्ये ‘क्वीन’ने अर्जेंटिना व ब्राझील येथे मोठ्या क्रीडांगणांवर कार्यक्रम केले. साओ पावलो येथील मोरुंबी क्रीडांगणावर २० व २१ मार्च रोजी झालेल्या दोन्ही कार्यक्रमांस प्रत्येकी लाखाहून अधिक श्रोते आल्याचे सांगितले जाते. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषक श्रोत्यांनी हे इंग्रजी गीत आरंभापासून अखेरपर्यंत म्हटले. त्यांतील अनेकांना त्या भाषेत संभाषण करता आले नसते. गीत मात्र मुखोद्गत होते. शब्दार्थाच्या आधीच स्वर व उच्चार आत्मसात होणे, हे मौखिक परंपरेचे जुने लक्षण होय.

त्या वेळी दोन्ही देशांत लष्करी राजवटी होत्या; अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ आणि ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५. लाखभर माणसांनी एकत्र जमून एक स्वर लावण्याचे प्रसंग अशा काळात विरळ असतात. यास्तव त्या सामूहिक गायनात राजकीय आशय शोधण्याची प्रवृत्ती दिसते. ती सावधपणे घेतली पाहिजे. प्रेमगीत हे प्रतिकारगीत नव्हे, आणि परदेशी वाद्यवृंदाचे ते कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या परवानगीनेच झाले होते. तथापि, त्या पिढीच्या आठवणीत तो प्रसंग इतका खोल का रुजला, याचे अंशतः उत्तर त्या विरळतेत असावे, असे मानण्यास जागा आहे. पुढील वर्षी, १९८२ मध्ये, फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना व ब्रिटन यांत युद्ध झाले, आणि अर्जेंटिनाच्या नभोवाणीवर इंग्रजी गाण्यांना मज्जाव झाला. ज्या गाण्यात वर्षभरापूर्वी क्रीडांगण दुमदुमले होते, त्याची भाषा आता शत्रूची भाषा ठरली.

जानेवारी १९८५ मध्ये रिओ दि जानेरो येथील ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात ११ व १८ तारखांच्या रात्री ‘क्वीन’चे कार्यक्रम झाले. या दोहोंच्या दरम्यान, १५ जानेवारीस, तांक्रेदो नेव्हेस यांची ब्राझीलच्या अध्यक्षपदी निवड होऊन लष्करी राजवटीचा अंत निश्चित झाला. त्या रात्रींचे चित्रमुद्रण जगभर पसरले. त्यात गायक थांबतो, अफाट समुदाय गातो, आणि गायक ऐकत राहतो. आज जगभरचे रसिक ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ म्हणून जे मनःचक्षूंपुढे आणतात, ते बहुतांशी हेच दृश्य होय. सत्तरीच्या दशकातील गीताची प्रातिनिधिक स्मृती अशा रीतीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात घडली.

५

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे फ्रेडीचा ‘क्वीन’सह अखेरचा जाहीर कार्यक्रम झाला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपणास एड्स झाल्याचे त्याने प्रकट केले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे निधन झाले. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर झालेल्या स्मृतिकार्यक्रमात ‘एक्स्ट्रीम’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या कलावंतांनी हे गीत म्हटले.

गायकाच्या निधनाने त्याची पुष्कळशी गीते पोरकी होतात. कारण ती त्याच्या कंठावरच उभी असतात. या गीताचे तसे झाले नाही. त्यात गायकाचे मौन सुमारे ९ वर्षांच्या वहिवाटीने आधीच सामावलेले होते. तो असतानाही ज्या ओळी त्याने गाइल्या नाहीत, त्या ओळींना तो नसताना खंड पडला नाही. २०१२ पासून ॲडम लॅम्बर्ट याच्या साथीने होणाऱ्या कार्यक्रमांत हे गीत त्या नव्या गायकाकडे दिले गेले नाही. वृद्ध ब्रायन मे एकटाच गिटार घेऊन बसतो, श्रोते गातात, आणि अखेरीस पडद्यावर फ्रेडीची जुनी प्रतिमा उमटते. हा विधी आता श्राद्धासारखा वाटतो. २०१५ मध्ये याच रीतीने ते पुनश्च ‘रॉक इन रिओ’त गाइले गेले, तेव्हा समुदायात १९८५ नंतर जन्मलेले तरुण मोठ्या संख्येने होते. स्वतः न अनुभवलेल्या काळाविषयी हळहळणारी ही पिढी स्मरणरंजनाच्या रूढ व्याख्येत बसत नाही. तिला आठवण नसून वारसा आहे.

मात्र या वारशाचे दोषही सांगितले पाहिजेत. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटात रिओच्या समुदायगायनाचा प्रसंग फ्रेडी व मेरी ऑस्टिन यांच्या ताटातुटीच्या प्रसंगाशी जोडून सत्तरीच्या दशकात नेऊन ठेवला आहे. त्याच चित्रपटात फ्रेडीला आपल्या रोगाचे ज्ञान जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमापूर्वीच झाल्याचे दाखविले आहे. चरित्रकार सामान्यतः ते निदान १९८७ चे मानतात. दोन्ही फेरफारांची दिशा एकच आहे: घटना जेथे घडली तेथून उचलून, जेथे ती अर्थपूर्ण वाटेल तेथे बसविणे. रसिकांच्या स्मृतीने गीत सत्तरीत गोठविले होते. चित्रपटाने त्या स्मृतीस अनुकूल असा कालक्रम रचून दिला.

६

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कालनिर्णयाचे साधन म्हणून रसिकांची स्मृती दुर्बल आहे. केवळ तिच्या आधारे लिहिणारा अभ्यासक १९८५ ची घटना १९७५ च्या खाती मांडील. त्यासाठी ध्वनिमुद्रिका, कार्यक्रमांच्या नोंदी आणि चित्रमुद्रणे यांचाच आश्रय घेतला पाहिजे. परंतु गीताचे रूप कसे व का बदलले हे ठरविण्यास मात्र तीच स्मृती अपरिहार्य आहे, कारण बदल घडविणारी शक्ती तीच होती. लोकांना गीत पाठ होते म्हणून गायक थांबला. गायक थांबला म्हणून गीत लोकांचे झाले. आणि लोकांचे झाले म्हणून ते गायकामागे टिकले.

मूळ तबकडी आजही उपलब्ध आहे. पियानो, हार्प व आवाजांचे थर तिच्यात जसेच्या तसे आहेत, आणि श्रोत्यांचा आवाज तिच्यात कोठेच नाही. रिओचे दृश्य मनात ठेवून ती प्रथम ऐकणाऱ्या रसिकास त्या आवाजाची उणीव जाणवते. कर्त्याने जे कधी लिहिले नव्हते त्याची उणीव त्याच्याच मूळ कृतीत भासावी, याहून त्या प्रेमाच्या कर्तृत्वाचा अधिक स्पष्ट पुरावा नाही.