कोल्हापूरचे वसतिगृह आणि ‘समुपदेशन’

विद्यार्थ्याच्या मानसिक व व्यावहारिक अडचणींची दखल घेणारी व्यवस्था विद्यापीठांतून आज ‘समुपदेशन’ या नावाने ओळखली जाते. ती पाश्चात्त्य मानसशास्त्राबरोबर आपल्याकडे आली, असे सामान्यतः मानले जाते. कोल्हापुरापुरते पाहता हे मत अर्धेच खरे आहे.

छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. त्यानंतरच्या काही वर्षांत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे शहरात उभी राहिली; १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातून आलेल्या मुलाची पहिली अडचण अन्नाची व निवाऱ्याची होती. ती दूर झाल्यावाचून त्याच्या मनाची विचारपूस करण्यात अर्थ नव्हता. ही विचारपूस पुढे अधीक्षकाकडे आली. तोच पालक, तोच सल्लागार. आणि शिक्षा करणाराही तोच.

या तिहेरी भूमिकेचे वैगुण्य कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विद्यार्थिदशेत उघड झाले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाहून परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्याच्यापाशी गाऱ्हाणे न्यावयाचे, त्याच व्यवस्थेने दार लावून घेतले, तर मुलाने जावे कोठे? भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, ते हा अनुभव गाठीशी असताना.

मानसशास्त्रीय मार्गदर्शनाचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ साली व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्य सुरू झाले. पुढे डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ-शिक्षण आयोगाने (१९४८–४९) विद्यार्थिकल्याणाचा स्वतंत्र विचार केला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेही राष्ट्रपती या नात्याने त्यांच्याच हस्ते, हा योगायोग लक्षणीय होय. तथापि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या नावाशी येथे निगडित झाली ती ‘कमवा व शिका’ योजना. म्हणजे पुन्हा भाकरी आणि निवारा. जुनी परंपरा आयोगाच्या अहवालाहून बळकट ठरली, असेच म्हणावे लागते.

‘समुपदेशन’ या संज्ञेतही हा पेच उतरला आहे. तिच्या पोटात ‘उपदेश’ आहे, आणि मराठीत उपदेश वडीलधाऱ्याने धाकट्यास करावयाचा असतो. उलट कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली मांडलेल्या पद्धतीत समुपदेशकाने उपदेश टाळून ऐकावयाचे असते. शास्त्र जे वर्ज्य मानते, तेच आमचा शब्द सुचवितो! दार ठोठावणारा विद्यार्थी अधीक्षकाच्या शब्दांची अपेक्षा, अथवा धास्ती, मनात धरून येत असेल, तर त्याचे नवल वाटू नये.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, असे निर्देश दिले. शिक्षकेतर सेवकांनाही प्रशिक्षण सक्तीचे केले. म्हणजे वसतिगृहाचा अधीक्षक पुन्हा विषयात आला. चंदगड, शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यांत बाहेरील तज्ज्ञ कोठून आणावयाचा, हा प्रश्न मात्र निवाड्याने सुटणारा नव्हे.