मोजला गेला तोच दिसला



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या सनावळ्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु मोजणीलाही इतिहास असतो. देशात किती माणसांना दिसत नाही, किती मुलांना ऐकू येत नाही, किती जणांना चालता येत नाही, हे कोणी, केव्हा आणि कसे मोजले यावर लाखो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून राहिले आहे. पूर्वी हे काम करणाऱ्यास संख्याशास्त्रज्ञ म्हणत. आज ‘डेटा सायंटिस्ट’ हे नाव रूढ झाले आहे.

भारतात पहिली जनगणना १८७२ साली झाली. तेव्हापासून १९३१ पर्यंत अंध, मूकबधिर, मनोरुग्ण आणि कुष्ठरोगी यांची नोंद घेतली जात असे. १९४१ साली ही नोंद बंद झाली आणि स्वातंत्र्यानंतर १९५१, १९६१ व १९७१ च्या जनगणनांतही ती परत आली नाही.

याच काळात पुनर्वसनाचे कार्य मात्र उभे राहत होते. मुंबईच्या फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. आपल्या मुलीसाठी केलेली धडपड त्यांनी आपल्या घरापुरती ठेवली नाही. १९४७ साली मुंबईत त्यांच्या पुढाकाराने अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था सुरू झाली. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही स्थापन झाली. उपचार सुरू झाले. पण देशाची गरज किती, हे सांगणारा आकडा कोणाजवळ नव्हता.

१९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा आला, पण तो ‘पूर्णपणे’ अंध, ‘पूर्णपणे’ मुके आणि ‘पूर्णपणे’ पंगू असलेल्यांपुरताच होता. आकडा आला सुमारे ११ लाख. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने व्यापक व्याख्या घेऊन विचारणा केली, तेव्हा संख्या निघाली सुमारे १ कोटी २० लाख! देश तोच, वर्ष तेच. मग एवढी तफावत का? कारण एक पाय ओढत शाळेत येणारा मुलगा ‘पूर्णपणे पंगू’ ठरत नाही आणि फळा अंधुक दिसणारी मुलगी ‘पूर्णपणे अंध’ ठरत नाही. प्रश्नातल्या एका शब्दामुळे अशी असंख्य माणसे मोजणीबाहेर राहिली. संख्याशास्त्रज्ञाचे खरे कसब बेरजेत नसून प्रश्न विचारण्यात असते, ते असे.

१९९१ च्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा गळाला. १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला. तो कोणासाठी, किती जणांसाठी, हे सांगायला मात्र जनगणनेचा आकडा नव्हता. तेव्हा स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणारे जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी यांनी आग्रह धरला आणि २००१ च्या जनगणनेत हा प्रश्न आला. त्या वेळी २ कोटी १९ लाख व्यक्तींची नोंद झाली. २०११ मध्ये ती २ कोटी ६८ लाख झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होत्या. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकरीतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के केल्या.

जगभरातील तज्ज्ञांनी आता आणखी एक सुधारणा सुचविली आहे. ‘तुम्ही अपंग आहात काय?’ असे विचारले की माणूस संकोचतो. त्याऐवजी ‘पाहण्यास, ऐकण्यास, चालण्यास अडचण येते काय? थोडी, बरीच, की मुळीच जमत नाही?’ असे विचारावे. अशा प्रश्नांना माणूस मोकळेपणाने उत्तर देतो.

विद्यार्थी मित्रहो, गणितात गती असेल तर डॉक्टर-इंजिनिअर याखेरीज ही वाटही लक्षात ठेवा. जळगावच्या विद्यापीठात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबईत देवनारला १९५६ पासून लोकसंख्याशास्त्राची नामवंत संस्था आहे. कोणत्या तालुक्यात श्रवणयंत्रे हवीत, कोणत्या उपचाराने रुग्ण खरोखर चालू लागला, हे आकड्यांवरून दाखवून देणारा माणूस पुनर्वसनाच्या कार्यात डॉक्टरइतकाच गरजेचा आहे. मात्र आकड्यामागचे माणूस ज्याला दिसते, त्यानेच या वाटेला जावे.

आणि पालकहो, एक विनंती. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरविण्यात आली आहे. मोजणीला दारी येणारे बहुधा आम्ही शिक्षकच असतो. मुलीच्या लग्नाची काळजी, लोक काय म्हणतील ही भीती, यापायी घरातले एखादे मूल आतल्या खोलीत राहते आणि कागदावर त्याची अडचण येतच नाही. मुक्ताईनगर असो वा मुंबई, ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी शाळेत उतार बांधला जात नाही, शिक्षक नेमला जात नाही, की यंत्र येत नाही. फातेमाबाईंनी आपले मूल लपविले नाही, म्हणून इतरांच्या मुलांसाठी दार उघडले. आपणही आपल्या लेकराची नोंद अभिमानाने करावी. तो त्याचा हक्क आहे.