बर्ड फ्लू : पक्ष्यांपासून मनुष्यास होणारा संसर्ग

इन्फ्ल्यूएंझा ‘अ’ गटातील विषाणूंमुळे पक्ष्यांना होणारा सांसर्गिक रोग. रानबदके व इतर पाणपक्षी हे या विषाणूंचे मूळ आश्रयस्थान. पुष्कळदा स्वतः आजारी न पडता ते विष्ठेवाटे विषाणू पाण्यात सोडतात, आणि तो खुराड्यात शिरला, की कोंबड्यांत हाहाकार माजतो.

महाराष्ट्रात परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी जानेवारी २०२१ मध्ये सुमारे ८०० कोंबड्या अल्पावधीत मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि आसपासचे पक्षी नष्ट करण्याचे व विक्रीस मज्जाव करणारे हुकूम जारी झाले, तेव्हा शेजारच्या जालन्याच्या बाजारालाही या रोगाची दखल घेणे भाग होते.

मनुष्यास लागण होते ती बहुधा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याच्या निकट संपर्काने. कोंबडी कापताना, पिसे उपटताना व आतडी काढताना उडणारे सूक्ष्म तुषार, शेडमधील लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) उपसताना उठणारी वाळलेल्या विष्ठेची धूळ, अथवा या कामांत बरबटलेले हात डोळ्यांना व नाकाला लागणे, हे विषाणूचे मार्ग होत. पक्ष्यांचा विषाणू ज्या पेशीग्राहकांना चिकटतो ते मनुष्याच्या नाकाघशात विरळ आणि फुप्फुसांत खोलवर अधिक असल्यामुळे लागण क्वचित होते, एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही, परंतु एकदा जडली म्हणजे न्यूमोनिया उग्र रूप धारण करू शकतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ या विषाणूप्रकाराची लागण झालेल्या १८ जणांपैकी ६ दगावले.

भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पण मनुष्यास लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पुढे २०१९ मध्ये मेळघाटातील एका बालकास एच९एन२ या दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निश्चित केले. ते बालक बरे झाले.

अफवा उठताच लोक चिकन वर्ज्य करतात, हे काहीसे अस्थानीच. खरा धोका खाणाऱ्यापेक्षा कापणाऱ्यास व शेड झाडणाऱ्यास अधिक, कारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत नीट शिजविलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. अकस्मात मरतुक वाढल्यास मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ वर्दी द्यावी.